ध्रुवीय भयसाहस-कादंबरी (कुमारसाहित्य)

साधारण नऊ ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली, ध्रुवाजवळच्या निर्मनुष्य हिमप्रदेशात घडणारी आणि साहसाला भीतीची सतत जोड देणारी कादंबरी. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न (१८२८–१९०५) यांची कॅप्टन हॅटरासच्या मोहिमेवरील कादंबरी ही या प्रकारातील पायाभूत कृती मानावी लागते. हेत्झेल या प्रकाशकाच्या मुलांसाठीच्या नियतकालिकातून ती १८६४-६५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८६६ मध्ये पुस्तकरूपाने आली. सर जॉन फ्रँकलिन यांच्यासह १८४५ मध्ये निघालेली दोन जहाजे आणि १२९ माणसे आर्क्टिकच्या बर्फात नाहीशी झाली होती. त्या घटनेची सावली कादंबरीभर जाणवते.

उत्तर ध्रुव गाठण्याच्या ध्यासाने पछाडलेल्या हॅटरासचे खलाशी बंड करून जहाज जाळून टाकतात आणि मागे उरलेल्या मोजक्या माणसांना गोठलेल्या समुद्रावर जगावे लागते. आग पेटवायला काही उरत नाही, तेव्हा डॉ. क्लॉबनी बर्फाचा स्वच्छ तुकडा तासून, हाताच्या उबेने गुळगुळीत करून त्याचे भिंग बनवतो व सूर्यकिरण एकवटून ठिणगी पाडतो. शिसे संपल्यावर उणे ३९ अंश सेल्सिअसखाली घट्ट होणाऱ्या पाऱ्याची गोळी करून अस्वलावर झाडली जाते. भीतीवर विज्ञानाचा असा तोडगा निघत असल्याने कुमारवाचक घाबरतो, पण हतबल होत नाही, आणि या प्रकाराचे खरे बळ इथेच आहे.

मराठी कुमारवाचकाला व्हर्नची गोडी लावण्यात भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या रूपांतरांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचा स्वतःचा नायक फास्टर फेणे काश्मीरच्या बर्फापर्यंत पोहोचला, तरी त्याची गाठ प्रामुख्याने चोर, हेर अशा माणसांशीच पडते. मराठी साहसकथेतील भय बहुधा असे मानवी असते आणि ते किल्ल्यात, भुयारात किंवा वाड्यात दडलेले असते. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गाचा, बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल अशा कथेला अगदी साजेसा आहे. ध्रुवीय कादंबरीत मात्र शत्रूला चेहराच नसतो. थंडी, उपासमार, हिमदंश (गोठल्याने बोटे, नाक यांच्या पेशी मरणे) आणि ध्रुवीय रात्र, म्हणजे हिवाळ्यात सूर्य क्षितिजावर न येण्याचा दीर्घ काळ, हेच तेथील खलनायक होत. सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावरील धाराशिवमध्ये सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत जेमतेम दोन तासांचा फरक असतो, आणि बर्फ आभाळातून येते ते गारपिटीच्या रूपाने, रब्बीची उभी पिके झोडपून काढत. अशा वाचकासाठी लिहिताना अंधार आणि थंडी ही शरीराच्या अनुभवातूनच उभी करावी लागतात. नुसती उणे अंशांची आकडेवारी पुरत नाही.

अलीकडच्या इंग्रजी लेखनात फिलिप पुलमन (१९९५) व मिशेल पेव्हर (२००४) यांनी या प्रकाराला अनुक्रमे अद्भुताची आणि अश्मयुगाची जोड दिली. पुलमन यांची चिलखती अस्वले ज्या स्वालबार द्वीपसमूहात राहतात, तेथेच भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे.

मराठी लेखकाला लागणारी सामग्री तर त्याहून जवळ आहे. डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखालील भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही गोव्यात वास्को येथेच आहे. पुढे अंटार्क्टिकावर उभारलेला ‘दक्षिण गंगोत्री’ हा पहिला भारतीय तळ वर्षागणिक साचणाऱ्या बर्फाखाली गाडला गेला आणि काही वर्षांतच सोडून द्यावा लागला. हिवाळाभर बाहेरच्या मदतीची आशा नसलेला आणि बर्फात हळूहळू बुडत जाणारा तळ हे भयसाहस-कादंबरीचे आयते कथानक असून, त्यासाठी राक्षस किंवा भूत कल्पिण्याचीही गरज पडत नाही.