नाव सुटण्याआधीची रांग

‘बॅकऑर्डर’ हा शब्द मूळचा गोदामातला. माल शिल्लक नाही, पण पुढची खेप आली की आधी मला द्या, अशी आगाऊ नोंद म्हणजे बॅकऑर्डर. इंटरनेटवाल्यांनी तो उचलला आणि त्याचा अर्थच फिरला. इथला माल म्हणजे संकेतस्थळाचे नाव, आणि तो दुसऱ्याच्या ताब्यात असतो. तो कधी सुटतो याची वाट पाहायची असते.

१५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स डॉट कॉम हे पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले, तेव्हा नोंदणी फुकट होती. सप्टेंबर १९९५मध्ये नोंदणी सांभाळणारी नेटवर्क सोल्यूशन्स कंपनी दोन वर्षांचे १०० डॉलर घेऊ लागली आणि नावांना मुदत आली. मुदत आली की विसरणेही आलेच.

१९९९च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरायला विसरली. हॉटमेलचे लॉगिन याच नावावर अवलंबून होते, त्यामुळे कित्येकांची मेल उघडेना. अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने कारण हुडकले, स्वतःचे क्रेडिट कार्ड काढले आणि पैसे भरून टाकले. असा भला माणूस प्रत्येकाला भेटत नाही.

त्याच वर्षी डॉट कॉमच्या नोंदणीतली नेटवर्क सोल्यूशन्सची मक्तेदारी मोडली आणि नावे नोंदवून देणारे अनेक रजिस्ट्रार आले. २०००मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात स्नॅपनेम्स कंपनी निघाली. हवे ते नाव सांगून ठेवा, ते सुटताच आम्ही धरू, असा तिचा धंदा. एका नावामागे अनेकजण लागले असतील तर लिलाव.

धरण्याची रीत सोपी आणि निष्ठुर आहे. रजिस्ट्रार अनेक, पण मुख्य नोंदवही एकच, व्हेरिसाइन या कंपनीकडची. नाव पुसले गेले की ज्याची मागणी सेकंदाच्या हजाराव्या भागाने आधी पोचेल, नाव त्याचे. प्रत्येक रजिस्ट्रारला त्या नोंदवहीशी ठरावीकच जोडण्या मिळतात. म्हणून नावे धरणाऱ्या कंपन्यांनी रजिस्ट्रारचे परवानेच गोळा करायला घेतले. एकेका परवान्याचे आयकॅन या परवाने देणाऱ्या संस्थेला वर्षाला ४००० डॉलर द्यावे लागत असतानाही ड्रॉपकॅच या कंपनीने हजाराहून अधिक परवाने जमवले. व्हेरिसाइनलाही या रांगेचा मोह झाला होता. प्रत्येक नावामागे एकच प्रतीक्षा-जागा आपणच विकावी, अशी तिची योजना होती. ती वादात आणि कोर्टकचेऱ्यांत अडकली आणि कधी सुरूच झाली नाही.

या सगळ्या धावपळीत मूळ मालकासाठी केलेली एकच सोय खरी मोलाची वाटते. २००३पासून नाव रद्द झाल्यावरही त्याला जादा शुल्क भरून ते परत घ्यायला ३० दिवस मिळू लागले. आठवणीची मेल स्पॅममध्ये पडलेल्या लहान दुकानदाराला किंवा संस्थेला तेवढाच आधार. त्यानंतरचे पाच दिवस मात्र नाव कुणालाच हलवता येत नाही. मग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे ऋतूप्रमाणे रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला, त्या दिवशीची डॉट कॉम नावे एकामागून एक पुसली जाऊ लागतात.