शेडच्या दारापाशी : प्रस्तावना

२००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्रीतली मरतूक अचानक वाढली, तेव्हा पहिला संशय राणीखेतवर गेला. गावोगावी ज्याला मानमोडी म्हणतात तोच हा रोग. भोपाळच्या प्रयोगशाळेतून आलेले निदान मात्र वेगळे होते. १८ फेब्रुवारीला जाहीर झाले की हा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू आहे. भारतातल्या कोंबड्यांमध्ये तो अधिकृतपणे सापडण्याची ही पहिलीच वेळ होती. काही लाख पक्षी मारून पुरावे लागले, शेजारच्या गुजरातेतल्या उच्छलपर्यंत झळ पोचली आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात रोग निघाला. २०२१च्या फेब्रुवारीत नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. कुक्कुटपालनातल्या जैवसुरक्षेचा अभ्यास करू पाहणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात नवापूरपासून करावी, असे मला मनापासून वाटते. एकदा इतके सोसलेल्या गावात रोग परत कसा शिरतो, या प्रश्नात हे सगळे शास्त्र सामावले आहे.

रोग जुना आहे. इटलीत पेरोंचितो यांनी १८७८ साली त्याचे वर्णन केले. तो इन्फ्लुएंझाच्याच विषाणूमुळे होतो, हे मात्र १९५५मध्ये कळले. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण होऊन त्यांतली सहा दगावली आणि कोंबड्यांचा हा आजार माणसांच्या वैद्यकाचाही विषय झाला.

रानपक्षी विषाणू दूरवर नेतात, हे खरेच. २००५मध्ये चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने मेले. याच जातीचे हंस हिवाळ्यात आपल्या जायकवाडीवर उतरतात. तरीही नव्या वाचकाला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: आभाळाकडे बघत बसू नका. पाणथळीवरचा हंस बंदिस्त शेडमध्ये स्वतः क्वचितच येतो. त्याची विष्ठा आत येते ती आपल्या चपलेला चिकटून, खाद्याच्या गाडीच्या चाकांवरून किंवा तळ्यातून थेट उपसलेल्या पाण्यातून. आणि एका फार्मवरून दुसऱ्यावर रोग नेण्याचे काम तर बहुतेक माणूसच करतो. अंड्यांचे ट्रे बाजारात जाऊन न धुता परत येतात, व्यापाऱ्याचे पिंजरे दिवसभरात अनेक शेड फिरतात, लस टोचणारी माणसे त्याच कपड्यांवर पुढच्या फार्मवर जातात. मेलेली कोंबडी कुंपणाबाहेर फेकली की कुत्री आणि कावळे उरलेले काम करतात.

दिलासा असा की हा विषाणू मुळात नाजूक आहे. त्याच्या भोवतीचे स्निग्ध आवरण साध्या साबणाने फाटते, उष्णतेने तो मरतो. म्हणून नीट शिजवलेली अंडी आणि चिकन सुरक्षित असतात. ओलसर, थंड विष्ठेत मात्र तो कित्येक दिवस तग धरतो. शेडमध्ये नुसती औषधफवारणी करून समाधान मानणे ही या क्षेत्रातली सगळ्यांत महागडी समजूत आहे, कारण घाणीवर पडलेले जंतुनाशक घाणीतच खर्ची पडते. आधी विष्ठा आणि तूस खरवडून काढायचे, मग साबणाच्या पाण्याने घासायचे, जमीन वाळू द्यायची आणि त्यानंतरच औषध मारायचे. दारातल्या पाय बुडवायच्या टाकीचेही तेच. चिखलाने गढूळलेले, आठवडाभर न बदललेले पाणी पाय निर्जंतुक करत नाही, केल्याचा भास तेवढा देते. त्यापेक्षा दारात आडवा बाक टाकणे मला अधिक भरवशाचे वाटते. बाहेरच्या चपला बाकाच्या अलीकडे ठेवायच्या, पाय पलीकडे टाकून शेडमधले बूट घालायचे. खर्च अगदी थोडा, पण रोज, प्रत्येक खेपेला आणि मालकानेसुद्धा पाळायचे, हे कठीण. म्हणून या विषयात विषाणूइतकाच माणसाच्या सवयींचा अभ्यास करावा लागतो.

त्याहून कठीण गोष्ट म्हणजे मरतूक कळवणे. आपल्याकडचे धोरण उद्रेक झालेल्या ठिकाणाभोवतीच्या एक किलोमीटरमधले पाळीव पक्षी नष्ट करण्याचे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवण्याचे आहे. रोग कळवणे २००९च्या कायद्याने बंधनकारक आहे, मारलेल्या पक्ष्यांची भरपाईही मिळते. पण जे आधीच मेले त्यांचे काय, आणि रिकाम्या शेडवरच्या कर्जाचे हप्ते कोण भरणार, या चिंतेत कुक्कुटपालक दोन दिवस थांबतो. त्या दोन दिवसांत ट्रे आणि पिंजरे फिरतच राहतात. त्याला दोष देऊन रोग थांबणार नाही. भरपाई वेळेवर हातात पडणे हाही मला जैवसुरक्षेचाच भाग वाटतो आणि पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात त्याला जागा हवी.

हे शास्त्र अजून अपुरे आहे, आणि नव्या अभ्यासकाला त्यात भरपूर काम आहे. आजवरचे बहुतेक नियम हजारो पक्ष्यांच्या बंदिस्त शेडसाठी बेतलेले आहेत. नवापूरच्याच आसपासच्या आदिवासी पाड्यांवर दहा-बारा गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात आणि रात्री घरातल्या डालग्याखाली झाकल्या जातात. तिथे बाक कुठे टाकायचा? आजारी कोंबडी मरण्याआधी विकून चार पैसे करू पाहणाऱ्या बाईला काय सांगायचे, आणि तिने न विकल्यास तिच्या हातात काय द्यायचे? याची उत्तरे प्रयोगशाळेत मिळणार नाहीत. ती शोधायला पाड्यावर जाणाऱ्या वाचकाचे या विषयात मी मनापासून स्वागत करतो.