डांग्या खोकला आणि कामगारांची दारे

डांग्या खोकल्याचे नाव काढले तर आजच्या तरुण आईबापांना फारसे काही वाटत नाही. पण या सभेत ज्या आजीबाई बसल्या असतील त्यांना विचारा. मूल खोकू लागले की थांबत नाही, तोंड काळेनिळे पडते, शेवटी लांब श्वास ओढताना घशातून आवाज निघतो आणि पोटातले सगळे ओकून पडते. असे आठवडेच्या आठवडे चालते. दोन महिन्यांच्या आतल्या मुलाला तर पुष्कळदा तो आवाज काढण्याचेही बळ नसते. त्याचा श्वासच बंद पडतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचा जन्म कामगार चळवळीत गेला, आणि जे काही वाचले ते दिवसाचे काम संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण या रोगावरच्या लशीच्या इतिहासात एका कामगार गावाचा वाटा आहे. विद्वान लोक तो घाईने सांगून पुढे जातात, म्हणून तो आम्ही सांगणार आहो.

या रोगाचा जंतू ब्रुसेल्स येथे बोर्डे व झांगू या दोघा शास्त्रज्ञांनी १९०६ साली वेगळा केला. जंतू हाती लागताच लशी निघाल्या, विकल्याही गेल्या; पण त्यांचा गुण येतो की नाही हे कोणी नीट मोजले नाही. १९३१ साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेच्या मंडळाने सांगून टाकले की, या लशींच्या उपयोगाचा पुरावा नाही. आणि १९३४ या एका सालात त्या देशात या खोकल्याने सुमारे साडेसात हजार माणसे दगावली. त्यांत बहुतेक लहान मुलेच.

मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स हे लाकडी सामानाच्या कारखान्यांचे गाव. १९११ साली तेथील हजारो कामगारांनी सुमारे चार महिने संप केला होता आणि तो फसला होता. पुढे १९२९ नंतरच्या मंदीने गावाची कंबरच मोडली. राज्याच्या आरोग्य खात्याची एक लहान प्रयोगशाळा तेथे होती. तीत पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन बाया काम करीत. दोघीही आधी शाळामास्तरणी, आणि दोघींनाही लहानपणी डांग्या खोकला झालेला. १९३२ साली त्यांनी हे काम अंगावर घेतले.

दिवसभर प्रयोगशाळेचे नेहमीचे काम करायचे आणि संध्याकाळी आजारी मुलांच्या घरी जायचे. बटाटा, ग्लिसरीन आणि रक्त यांचे खाद्य पसरलेली काचेची बशी मुलाच्या तोंडापुढे धरायची आणि त्याला तीवर खोकायला लावायचे. त्यावरून रोग कोणता, आणि मुलाला वेगळे ठेवण्याची गरज कधी संपते, हे ठरे. बेकार बापाच्या घरात, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात हे काम चाले. वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन आम्ही चाळीचाळींतून हिंडलो आहो. परक्या माणसाला कामगाराचे दार कसे उघडते आणि कसे उघडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्या घरांनी दार उघडले, हा या इतिहासातला पहिला विजय होय.

१९३४ साली लशीची परीक्षा सुरू झाली. नुसती लस टोचून वाहवा मिळविणे सोपे असते. या बायांनी लस घेतलेल्या मुलांबरोबर न घेतलेल्यांचीही तितकीच काळजीपूर्वक मोजदाद ठेवली. १९३९ साली हिशेब छापून निघाला. लस घेतलेली मुले १,८१५. त्यांपैकी ५२ जणांना खोकला झाला. न घेतलेली २,३९७. त्यांपैकी ३४८ जणांना झाला. शंभरी तिनाहून कमी एकीकडे, चौदाहून अधिक दुसरीकडे. हा हिशेब समजायला पदवी लागत नाही.

पैसा अपुराच होता. १९३६ साली अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट प्रयोगशाळा पाहून गेल्या आणि पुढे बेकारांसाठी असलेल्या सरकारी योजनेतून जादा माणसे मिळाली. १९४४ साली लोनी गॉर्डन ही निग्रो वंशाची तरुणी तेथे आली. शिक्षण असूनही वर्णामुळे तिला आहारतज्ज्ञाची नोकरी मिळाली नव्हती. हजारो बशा तपासून तिने जंतूचा जोरकस वाण शोधला व लस अधिक गुणकारी झाली. ज्या हातांना बाजाराने नाकारले, त्यांनीच हे काम केले.

तरीही एक फट राहिली. लस मुलाला टोचायची, तर ती गुणाला येईपर्यंत महिने जातात. आणि मृत्यू तर पहिल्या आठवड्यांतच येतो. यावर उपाय आईच्या वाटेने सुचला. आईला गरोदरपणी लस दिली तर तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून मुलाकडे जातात आणि मूल जन्मतानाच शिदोरी घेऊन येते. असे प्रयोग अमेरिकेत १९३८ व १९४३ साली प्रसिद्ध झाले होते. पण मुलांच्या लसीकरणाने रोग हटला आणि ही वाट सर्वांच्या विस्मरणात गेली.

विस्मरणाची किंमत पडतेच. १९७४ नंतर ब्रिटनमध्ये लशीविषयी भीती पसरली, लसीकरण शेकडा ८० वरून ३० च्या आसपास घसरले आणि मोठ्या साथी आल्या. २०१० साली कॅलिफोर्नियात १० तान्ही मुले गेली. २०१२ साली ब्रिटनमध्ये १४ गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथे गरोदर स्त्रियांना लस देणे सुरू झाले. २०१४ साली निघालेल्या हिशेबात असे दिसले की, या उपायाने दहांतली सुमारे नऊ तान्ही मुले या रोगापासून वाचतात. आईच्या रक्तातील हे बळ ओसरते, म्हणून प्रत्येक गरोदरपणी लस पुन्हा घ्यावी लागते.

आपल्याकडे मुलाला या रोगाची पहिली लस सहाव्या आठवड्यात मिळते. त्या आधीचे सहा आठवडे कोणाच्या भरवशावर, हा प्रश्न प्रत्येक घराने गरोदर लेकीसुनेच्या डॉक्टरला विचारावा. आणि संघटनेत काम करणाऱ्यांना आमचे सांगणे असे की, महागाईभत्ता आणि बोनस यांच्या खाली मागणीपत्रकात आणखी एका कलमाला जागा असते. ते कलम गरोदर बाईच्या लशीचे असावे.