महाराष्ट्र निसर्ग उद्यान

महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या दक्षिण काठावर वसलेले सुमारे ३७ एकरांचे (१५ हेक्टर) उद्यान आहे. एके काळच्या कचराभूमीवर उभारलेले हे उद्यान माहीम निसर्ग उद्यान या नावानेही ओळखले जाते.

इतिहास

या जागेवर अनेक वर्षे शहराचा कचरा टाकला जात असे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते थांबले. पडीक राहिलेल्या या जमिनीवर निसर्गशिक्षणासाठी उद्यान करण्याचे ठरले आणि १९८३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्या हस्ते पहिले रोप लावण्यात आले. कचऱ्याच्या थरांवर माती पसरून लागवड करण्यात आली. १९९१ मध्ये या जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला, तर २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ते विकसित केले.

स्वरूप

हिरवळ, कारंजी आणि झोपाळे असलेली ही नेहमीची बाग नव्हे. दाट झाडी, औषधी वनस्पती आणि नदीकडेचे खारफुटीचे पट्टे यांमुळे ती वनासारखीच भासते. पक्षी व फुलपाखरे यांचा अभ्यास करण्यासाठी विद्यार्थी येथे येतात. शिक्षणकेंद्राच्या छपरावरील पावसाचे पाणी साठवून वापरले जाते.

पुनर्विकास आणि उद्यान

शेजारची धारावी दोन-अडीच चौरस किलोमीटरांत दाटलेली असून तेथे मोकळी जागा जवळजवळ नाही. त्यामुळे धारावी पुनर्विकास प्रकल्पात उद्यानाची जमीन जाईल, ही भीती पर्यावरणप्रेमींनी व्यक्त केली. उद्यान प्रकल्पाचा भाग नसल्याचे २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सांगण्यात आले.