न दिसणारी बाजू



दंतवैद्याचा हात जेथें चालतो तेथें त्याची दृष्टि सरळ पोंचतेच असें नाहीं. दाढेची मागील बाजू तो लहानशा आरशांत पाहतो. म्हणजे पाहतो उलटी आणि हात चालवितो सुलटा. न दिसणारी बाजू मनांत उभी करणें, हें या विद्येचें एक मोठें अंग होय. तें सामर्थ्य उमेदवारांत आहे कीं नाहीं, हें प्रवेशापूर्वीं कसें ओळखावें?

अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या संघाची प्रवेशपरीक्षा १९५० सालापासून देशभर होऊं लागली. तींत उमेदवाराच्या हातीं खडूचा ठोकळा व चाकू देत आणि चित्रांत दाखविलेला आकार कोरून काढावयास सांगत. १९७२ सालीं खडू गेला व त्याच्या जागीं कागदावरचे प्रश्न आले. आतां ९० प्रश्न ६० मिनिटांत सोडवावयाचे असतात: कोणता घन कोणत्या छिद्रांतून पार होईल, दोन बाजूंच्या चित्रांवरून तिसरी बाजू कशी दिसेल, चार कोनांत लहान कोणता, घडी घालून भोंक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, वगैरे.

आपल्याकडे मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालीं निघालें. आज प्रवेश ‘नीट’ परीक्षेनें मिळतो. तींत पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र आहे. घनाकृतीचा एकहि प्रश्न नाहीं. परंतु पहिल्याच वर्षीं विद्यार्थ्याच्या हातीं मेणाचा ठोकळा येतो आणि त्यांतून दांत कोरावयाचा असतो. अमेरिकेनें जी कसोटी दाराबाहेर ठेवली, ती आपल्याकडे दाराच्या आंत वाट पाहत असते.

माझी एक विद्यार्थिनी उत्तम गुणांनीं तेथवर पोंचली. पुस्तक मुखोद्गत, पण मेणाचा दांत कांहीं केल्या साधेना. सुटींत जालन्यास आली ती रडवेली होऊन. “सर, माझा हातच जड आहे,” म्हणाली. मी म्हणालों, “हात जड नाहीं, डोळा घाई करतो आहे.” घरांतील साबणाची वडी तिच्यापुढें ठेवली. आधीं समोरच्या पृष्ठावर दांताची समोरून दिसणारी रेषा काढावयाची आणि तेवढेंच आरपार कापावयाचें. मग बाजूच्या पृष्ठावर बाजूची रेषा काढून तसेंच कापावयाचें. गोलाई सर्वांत शेवटीं. तिसऱ्या दिवशीं वडींतून दांत निघाला. तिला आनंद झाला. मला मात्र लाज वाटली. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेंतील घनभूमिति ही परीक्षेपुरतीच, असें मीच वर्गांत वर्षानुवर्षें म्हणत आलों होतों.

वस्तुतः ही विद्या आमच्या अंगणांतलीच. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा वेगळा झाला. तोंपर्यंत आमचें शहर औरंगाबाद जिल्ह्यांत होतें, आणि वेरूळहि त्याच जिल्ह्यांत. तेथील कैलास लेणें आठव्या शतकांतलें, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचें. तें पायापासून रचलेलें नाहीं. डोंगराच्या माथ्यापासून खालीं कोरीत नेलेलें आहे. शिखर घडत असतां खालचे हत्ती अद्याप दगडांतच होते. परंतु कारागिराच्या मनांत ते उभे होते. हत्तीच्या सोंडेचा दगड चुकून उडाला असता, तर तो परत कोठून आणावयाचा?

पालकांनीं हा अभ्यास घरींच घ्यावा. चौरस कागदाची दोनदा घडी घालून त्याचा लहान चौरस करा आणि एका कोपऱ्याजवळ भोंक पाडा. सर्व घड्या जेथें मिळतात तो कोपरा असेल, तर उलगडल्यावर चार भोंकें मध्याभोंवतीं येतील. समोरचा सुटा कोपरा असेल, तर कागदाच्या चारी कोपऱ्यांत. मुलानें उत्तर आधीं सांगावें, कागद मागाहून उलगडावा; आणि उलगडतांना शेवटची घडी आधीं सोडावी.

दुसरा खेळ ठोकळ्यांचा. खालीं नऊ ठोकळे तीन-तीनांच्या ओळींत मांडा व मधल्यावर एक ठेवा. बूड सोडून सर्व उघड्या पृष्ठांना रंग दिला, तर किती ठोकळ्यांचीं किती पृष्ठें रंगतील? वरच्या एकाचीं पांच, कोपऱ्यांतल्या चौघांचीं तीन-तीन, कडांमधल्या चौघांचीं दोन-दोन. बेरीज नऊच आली. ठोकळे तर दहा! दहावा मध्यें दडला आहे. त्यास रंगाचा थेंबहि लागला नाहीं. म्हणून ठोकळे आधीं मोजावे, मग कोष्टक मांडावें, आणि शेवटीं बेरीज ताडून पाहावी.

अंबडच्या बारवेच्या पायऱ्या उतरतांना मुलाला एकदां विचारा: “समोरच्या काठावर उभा राहून पाहशील, तर आपण आतां उभे आहों ती पायरी कशी दिसेल?” मूल क्षणभर थांबेल. त्या थांबण्यांतच शिक्षण आहे. उत्तर सांगण्याची घाई आपण करूं नये.