दुर्बल संकेताची साक्ष : मेंदूच्या चुंबकीय नोंदी आणि हिंगोलीची वेधशाळा

दुर्बल संकेताचे अस्तित्व केवळ त्याच्या बळावरून सिद्ध होत नाही. त्यास स्वतंत्र साक्ष लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा दंडक दोन भिन्न क्षेत्रांत प्रस्थापित झाला : मेंदूच्या चुंबकीय क्षेत्राचे मापन आणि गुरुत्वलहरींचा शोध. यांपैकी दुसऱ्याचा इतिहास आता नरसी नामदेव ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तेथवर येऊन पोचला आहे.

मेंदूतील विद्युत्प्रवाहांचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी दुर्बल असते. वीजवाहक तारा, जवळून जाणारे वाहन, इतकेच नव्हे तर हृदयाचे ठोके व पापण्यांची उघडझाप यांचा कोलाहल त्याहून प्रबळ असतो. 1968 साली डेव्हिड कोहेन यांनी चुंबकीय आडोसा केलेल्या खोलीत, तारेच्या वेटोळ्याच्या साहाय्याने आल्फा लयीचे क्षेत्र मोजले. वेटोळ्याच्या स्वतःच्या कोलाहलात लय बुडून जात असल्याने, त्याच वेळी घेतलेल्या मेंदूच्या विद्युत्-आलेखाशी जुळवून अनेक तुकड्यांची सरासरी काढण्यात आली. लयीचा अंश प्रत्येक तुकड्यात कायम राहतो. यादृच्छिक कोलाहल मात्र शंभर तुकड्यांच्या सरासरीत एक-दशांशावर येतो. 1972 साली कोहेन यांनी अतिसंवाहक ‘स्क्विड’ उपकरणाने तीच लय सरासरीवाचून दाखविली आणि पूर्वीच्या निष्कर्षास पुष्टी मिळाली. तथापि सरासरी सर्वसमर्थ नव्हे. पापणी प्रत्येक उद्दीपनाबरोबरच मिटत असेल, तर तिचा ठसाही सरासरीत टिकतो आणि मेंदूचा म्हणून गणला जाण्याचा धोका उरतो.

गुरुत्वलहरींच्या बाबतीत हा मार्गच बंद होता. कारण दोन कृष्णविवरांचे मीलन एकदाच घडते. 1969 साली जोसेफ वेबर यांनी दूरस्थ उपकरणांतील एककालिक स्पंदांवरून शोधाचा दावा केला, परंतु इतरांच्या प्रयोगांत तो टिकला नाही. मग पुनरावृत्तीची जागा पूर्वज्ञात आकृतीने घेतली. संकेताचा अपेक्षित साचा गणिताने सिद्ध करून तो नोंदीशी ताडून पाहावयाचा, या पद्धतीसाठी किती व कोणते साचे लागतील याचे महत्त्वाचे विवेचन संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 साली केले. पुण्याच्या आयुका संस्थेत हे संशोधन पुढे वाढले.

14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथे व सुमारे 7 सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्ड येथे एकच आकृती उमटली. हा योगायोग नव्हे, हे ठरविण्यासाठी दोन्ही नोंदी परस्परांपासून मुद्दाम कालाने सरकवून खोटे जुळणारे स्पंद मोजण्यात आले. तसा प्रबळ योगायोग 2,03,000 वर्षांत एकदाही अपेक्षित नव्हता.

औंढा नागनाथजवळील लायगो-इंडिया प्रकल्पास एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. 4 किलोमीटर लांबीच्या भुजांची ही वेधशाळा संकेताची आकाशातील दिशा अधिक नेमकी करील. परंतु तिचे तात्त्विक महत्त्व निराळे आहे. कोलाहल स्थानिक असतो, संकेत सर्वत्र पोचतो. म्हणून दूरच्या भूमीवरील प्रत्येक नवा साक्षीदार सत्य आणि आभास यांतील सीमारेषा अधिक स्पष्ट करतो.