तिखट पानाची वंशावळ

मोहरीचा दाणा म्हटला की आपल्याला प्रभू येशूचा दृष्टान्त आठवतो. संत मत्तय यांच्या शुभवर्तमानात तो दाणा शेतात पेरला जातो. संत लूक मात्र एका माणसाने तो आपल्या बागेत टाकल्याचे सांगतात. मत्तय आणि मार्क हे दोघेही त्या रोपाची गणना भाज्यांमध्ये करतात, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मोहरी आपल्याला परिचित आहे ती फोडणीच्या डब्यातली. तिच्या हिरव्या, तिखट पानांची भाजी होते, हे पंजाबी शेजार लाभलेल्या घरांनाच काय ते ठाऊक असते.

पूर्वेकडील देशांत मात्र या पानाला मोठा मान आहे. जपानच्या क्यूशू बेटावर ‘ताकाना’ या नावाने ते मिठात मुरवतात. कोरियात त्याला ‘गात’ म्हणतात. योसू शहराजवळच्या दोल्सान बेटावरील गात विशेष प्रसिद्ध आहे. पाने मिठात नरमवून त्यांना मिरचीपूड, लसूण, आले आणि खारवलेल्या मासळीचा रस चोळतात व बरणीत दडपून ठेवतात. हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरी व शेजारीपाजारी एकत्र जमून अशी बेगमी करण्याच्या प्रथेला ‘किमजांग’ म्हणतात. 2013 साली युनेस्कोने दक्षिण कोरियातील या प्रथेची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली.

या पानाला हा तिखटपणा आला कोठून? त्याच्या कुळाचा उलगडा ज्या शास्त्रज्ञाने केला, त्याचे स्वतःचे कूळही दोन देशांत विभागलेले होते.

ऊ जांग-चुन यांचा जन्म 1898 साली टोकियोत झाला. पिता ऊ बोम-सोन हे कोरियन लष्करी अधिकारी, माता जपानी. 1895 साली कोरियाच्या राणीची राजवाड्यात हत्या झाली. त्या कटात पित्याचा हात असल्याचा आरोप होता व ते जपानात परागंदा झाले होते. 1903 साली एका कोरियन मारेकऱ्याने त्यांचा सूड घेतला. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. मातेने दारिद्र्यात मुलांना वाढवले. काही काळ जांग-चुन यांना अनाथालयातही राहावे लागले. जपानी लोकांच्या लेखी ते परके, तर कोरियन लोकांच्या लेखी देशद्रोह्याचे पुत्र.

पुढे त्यांनी शेतकीचे शिक्षण घेतले आणि सरकारी कृषिसंशोधन केंद्रात नोकरी धरली. 1935 साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मोहरी, कोबी, सलगम या वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांचा हिशेब त्यात मांडला होता. सलगमाच्या जातीत गुणसूत्रे 20, काळ्या मोहरीत 16 आणि पानांसाठी लावल्या जाणाऱ्या मोहरीत बरोबर 36. अर्थ स्पष्ट होता: ही मोहरी म्हणजे पहिल्या दोघींच्या नैसर्गिक संकरातून जन्मलेली स्वतंत्र जात. सलगम व कोबी यांच्या जातींचा संकर करून त्यांनी अशा संकराची तिसरी जात स्वतः निर्माणही करून दाखवली. वनस्पतिशास्त्रात हा सिद्धांत ‘ऊ यांचा त्रिकोण’ म्हणून शिकवला जातो. दत्तकविधानाने त्यांना जपानी आडनाव मिळाले होते. निबंधावर मात्र त्यांनी पित्याचे ‘ऊ’ हेच नाव राखले.

दृष्टान्तातील मोहरी ही बहुधा काळी मोहरी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर गालील प्रांतातील ते रोप आणि कोरियातील बरणीतले पान यांचे नाते थेट रक्ताचे ठरते. आपल्या फोडणीतील मोहरीही बहुतांशी याच संकरित जातीची आहे.

1945 साली कोरियावरील जपानी सत्ता संपली आणि जपानहून येणारे भाजीपाल्याचे बियाणेही आटले. कोबी आणि मुळा नसेल तर किमची कसली, आणि किमचीविना कोरियन कुटुंबाचा हिवाळा कसला! कोरियाने ऊ यांना साद घातली. पत्नी व मुलांना जपानात ठेवून ते मार्च 1950 मध्ये बुसानला आले. तीनच महिन्यांत युद्धाचा भडका उडाला. तशाही स्थितीत दोंगने येथील संस्थेत त्यांनी कोबी-मुळ्याचे सुधारित बियाणे आणि बटाट्याचे निरोगी बेणे तयार करण्याचे कार्य चालू ठेवले. 1953 साली जपानात मातेचे निधन झाले. अंत्यविधीस जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. सांत्वनादाखल जमा झालेल्या पैशांतून त्यांनी संस्थेच्या आवारात मातेच्या स्मरणार्थ विहीर खोदली. ऑगस्ट 1959 मध्ये ते कोरियातच निवर्तले. पित्याला ज्या भूमीने क्षमा केली नाही, तिनेच पुत्राचा राष्ट्रीय सन्मान केला.

हे पान आपल्या परसातही सहज येते. पाऊस सरला व हवेत गारवा आला की बी पाव इंच खोल पेरावे. चार-पाच दिवसांत अंकुर दिसतो. रोपे विरळ करून वीतभर अंतर ठेवावे. विरळणीत निघालेली कोवळी रोपे कोशिंबिरीत घालता येतात. पुढे गाभा राखून बाहेरची पाने खुडत गेल्यास एकच वाफा बरेच दिवस पुरतो. तिखटपणा अखंड पानात नसतो. ते चिरले वा चावले की पेशी फुटून आतली द्रव्ये एकत्र येतात आणि झणका उठतो. शिजवल्यावर तो बराच निवतो. म्हणून सवय नसलेल्यांनी लसणाच्या फोडणीत भाजी करावी, तर सवय असलेल्यांनी ती कच्चीच मिठाने चोळावी. ऊन वाढू लागले की रोप फुलोऱ्यावर येते आणि पाने राठ व जहाल होतात. तेव्हा दोन-चार रोपे बियाण्यासाठी राखावीत. शेंगा वाळल्या की पुढील वर्षाची बेगमी झाली.

शुद्ध कुळाचा अभिमान मनुष्यजातीने पुष्कळ बाळगला आणि त्यापायी पुष्कळ भोगलेही. मोहरीच्या या पानाला तसले कूळ नाही. दोन घरांचे गुण घेऊन ते जन्मले आणि अनेक देशांच्या ताटात सामावले. त्याची वंशावळ मांडणाऱ्या माणसालाही दोन देशांनी परके मानले होते, आणि अखेर त्याच्या हातच्या बियाण्यावर लाखो घरांच्या बरण्या भरल्या. येत्या हिवाळ्यात परसात चिमूटभर मोहरी टाकताना त्याची आठवण ठेवू या.